वादग्रस्त प्रदेशातलं मतदान आणि निरीक्षकांचं संरक्षण (पूर्व तिमोर, १९९९)

ज्या भूभागावर दोन सरकारं किंवा दोन गट हक्क सांगतात तिथे मतदान घ्यायचं म्हटलं की सगळ्यात आधी विचारायचं ते बंदोबस्ताचं, पोलीस कुणाचे? त्यानंतर मतदार कोण, बाहेर पळून गेलेल्यांचं मत कुठे घ्यायचं, आणि हे सगळं बघायला येणाऱ्या निरीक्षकांच्या जिवाची हमी कोण देणार, हे प्रश्न येतात. या विषयात १९९९ चं पूर्व तिमोरचं सार्वमत अभ्यासावंच लागतं, कारण तिथे मतदान जवळपास आदर्श झालं आणि ते करणाऱ्या लोकांचं संरक्षण मात्र पार कोसळलं.

पूर्व तिमोर म्हणजे तिमोर बेटाचा पूर्व भाग, ही पोर्तुगालची वसाहत. ७ डिसेंबर १९७५ ला इंडोनेशियाने तिथे सैन्य घुसवलं आणि १९७६ मध्ये आपला २७ वा प्रांत म्हणून जाहीर केलं, पण संयुक्त राष्ट्रांनी ते कधीच मानलं नाही, त्यांच्या कागदोपत्री पोर्तुगालच कारभारी राहिला. इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो सत्तेवरून गेल्यावर राष्ट्राध्यक्ष हबिबी यांच्या सरकारने जानेवारी १९९९ मध्ये तयारी दाखवली की लोकांना विचारू, विशेष स्वायत्तता घेऊन इंडोनेशियात राहायचं का, आणि नको म्हणाले तर सोडून देऊ. ५ मे १९९९ ला न्यूयॉर्कमध्ये इंडोनेशिया, पोर्तुगाल आणि संयुक्त राष्ट्रांमध्ये करार झाला, ११ जूनला सुरक्षा परिषदेने ठराव १२४६ करून युनामेट नावाचं मिशन उभं केलं आणि इयान मार्टिन त्याचे प्रमुख झाले.

आता खरी गोम इथे आहे. त्या करारात सुरक्षेची जबाबदारी इंडोनेशियाच्या पोलिसांवर टाकली. म्हणजे ज्या सरकारच्या विरोधात लोक मत देणार त्याच सरकारने त्यांचं रक्षण करायचं! युनामेटला मिळाले जास्तीत जास्त २८० पोलीस सल्लागार आणि ५० लष्करी संपर्क अधिकारी, तेही बिनहत्यारी, म्हणजे सल्ला देऊ शकतात, अडवू शकत नाहीत. आणि हे सगळं काय चाललंय ते माहीत असताना ठरलं, कारण त्याच एप्रिलमध्ये लिकिसाच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्या लोकांना इंडोनेशियावादी मिलिशियाने, म्हणजे हत्यारबंद टोळ्यांनी, मारलं होतं आणि १७ एप्रिलला राजधानी दिलीत स्वातंत्र्यवादी नेते मानुएल काराश्कालाव यांच्या घरावर हल्ला करून आत लपलेल्यांना ठार केलं होतं. करार वाचताना या दोन घटना डोळ्यासमोर ठेवल्या की वाईट वाटतं, हे टाळता आलं असतं असं वाटत राहतं.

पुढे तसंच झालं. २९ जूनला मालियानातल्या युनामेटच्या ऑफिसवर हल्ला, ४ जुलैला लिकिसात मदतसामान पोचवून परतणाऱ्या ताफ्यावर हल्ला. मतदानाची तारीख ८ ऑगस्टवरून दोनदा पुढे ढकलत ३० ऑगस्टवर आली.

परदेशातल्या मतदानाचं काम मात्र नीट विचार करून केलेलं दिसतं. वय १७ पूर्ण, आणि तिमोरमध्ये जन्म, किंवा आईवडिलांपैकी एकाचा तिथला जन्म, किंवा अशा व्यक्तीशी लग्न, एवढ्यावर नाव नोंदवता येत होतं, मग माणूस राहत कुठेही असो. चोवीस वर्षांत हजारो लोक पळून गेले होते, त्यांना गाळून निकाल काढला असता तर ज्यांनी सगळ्यात जास्त सोसलं तेच बाहेर राहिले असते. म्हणून सिडनी, मेलबर्न, पर्थ, डार्विन, लिस्बन, मापुटो, मकाऊ, न्यूयॉर्क आणि खुद्द इंडोनेशियातल्या जकार्ता, योग्यकार्ता, सुराबाया, देनपसार अशा शहरांत केंद्रं ठेवली. ऑस्ट्रेलियातलं काम तिथल्या निवडणूक आयोगाने केलं, बाकी ठिकाणी आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेने. एकूण ४,५१,७९२ मतदार नोंदले गेले, त्यातले सुमारे १३ हजार बाहेरचे. आकडा छोटा वाटतो पण त्या सार्वमताची कायदेशीर बाजू यांच्यामुळे भक्कम झाली.

गोव्याचा जनमत कौल आठवणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही हे ठरवणाऱ्या १६ जानेवारी १९६७ च्या त्या कौलात गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांनाही मत द्यायला मिळावं अशी मागणी होती, ती मान्य झाली नाही, कारण बाहेरचा गोवेकर ओळखायचा कसा हा प्रश्न होता. तिमोरमध्ये त्याचं उत्तर जन्म आणि आईवडील असं दिलं. पण एक गोष्ट गोव्यात तिमोरपेक्षा बरी झाली, मतदान निष्पक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली, म्हणजे विलीनीकरणाची बाजू घेणारं सरकार कौलाच्या वेळी खुर्चीत नव्हतं. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मतं असा निकाल लागला आणि तो मानला गेला.

तिमोरवर परत येऊ. ३० ऑगस्टला पहाटेपासून रांगा लागल्या, लोक डोंगर उतरून आले, नोंदलेल्यांपैकी ९८.६ टक्के लोकांनी मत दिलं. मतदानावर देखरेखीला तीन जणांचा स्वतंत्र निवडणूक आयोग होता, त्यात दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती योहान क्रिगलर होते. शिवाय इंडोनेशिया आणि पोर्तुगालला सारख्याच संख्येने आपापले प्रतिनिधी पाठवता येत होते आणि बाहेरच्या संस्थांचे निरीक्षक व स्थानिक निरीक्षक गावागावात बसले होते. मोजणी गावात केली नाही, सगळ्या पेट्या दिलीला आणून मतपत्रिका एकत्र मिसळल्या आणि मग मोजल्या, जेणेकरून कुठल्या गावाने काय मत दिलं ते कुणाला कळू नये. मतदाराच्या संरक्षणाचा इतका साधा आणि इतका शहाणा उपाय दुसरा नाही. तरी मतदानाच्याच दिवशी एर्मेरा भागातल्या अत्साबेजवळ युनामेटच्या स्थानिक कर्मचाऱ्यांना ठार मारण्यात आलं.

४ सप्टेंबरला निकाल आला, ७८.५ टक्के लोकांनी स्वायत्तता नाकारली. त्यानंतर मिलिशियाने आणि त्यांच्या मागे असलेल्या सैन्याने देश जाळला. सुआईच्या चर्चमध्ये ६ सप्टेंबरला कत्तल झाली, हजाराहून जास्त माणसं त्या वर्षात मेली, अडीच लाखांच्या आसपास लोक इंडोनेशियाच्या पश्चिम तिमोरमध्ये ढकलले गेले. बाहेरचे निरीक्षक बहुतेक पहिल्या काही दिवसांतच निघून गेले, त्यांना दोष देता येत नाही, त्यांच्याकडे काहीच संरक्षण नव्हतं. पण त्यांच्यासोबत दुभाषे, ड्रायव्हर, मतदान केंद्रावरचे कारकून म्हणून काम केलेली तिमोरी माणसं मात्र तिथेच राहिली, आणि ती कोण ते सगळ्या गावाला माहीत होतं. दिलीतल्या युनामेटच्या आवारात दीड हजारांच्या आसपास लोक शिरले होते, त्यांना सोडून जायला तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी साफ नकार दिला आणि शेवटी १४ सप्टेंबरला सगळ्यांना विमानाने डार्विनला नेलं. इंटरफेट ही आंतरराष्ट्रीय सशस्त्र फौज ऑस्ट्रेलियाच्या पीटर कॉसग्रोव्ह यांच्या हाताखाली २० सप्टेंबरला उतरली, म्हणजे मतदानानंतर तीन आठवड्यांनी. हीच फौज आधी आली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न अजून विचारला जातो. २० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला.

२७ ऑक्टोबर २००५ ला संयुक्त राष्ट्रांत निवडणूक निरीक्षणाच्या तत्त्वांचा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा झाला. निरीक्षकांना देशभर कुठेही फिरता यावं, कुणाला पाठवायचं यात सरकारने ढवळाढवळ करू नये हे त्यात आहे, आणि मिशनला मदत करणाऱ्या किंवा माहिती देणाऱ्या देशी-परदेशी माणसावर सूड उगवू नये हेही स्पष्ट लिहिलंय. तिमोरमध्ये मारल्या गेलेल्या स्थानिक लोकांसाठी हीच ओळ हवी होती. जाहीरनामा बंधनकारक करार नाही, सही करणाऱ्या संस्थांनी पाळायचा असतो आणि यजमान देशाकडून आधी कबूल करून घ्यायचा असतो, म्हणून बोलणी करताना हे मुद्दे पहिल्या पानावर लिहून घ्यावे लागतात.

कोसोवोत, म्हणजे स्वतःला स्वतंत्र म्हणवणाऱ्या पण सर्बिया आपलाच मानतो त्या प्रदेशात, वेगळा पेच आहे. तिथले सर्ब सर्बियाच्या निवडणुकीत मत देऊ इच्छितात आणि कोसोवो सरकार म्हणतं दुसऱ्या देशाची निवडणूक आमच्या मातीत नको. २०१२ मध्ये युरोपीय सुरक्षा आणि सहकार्य संघटनेने मधला मार्ग काढला, मतं फक्त गोळा करून सर्बियातल्या राश्का आणि व्रान्ये इथे मोजायला पाठवली. २०१३ मध्ये कोसोवोच्या स्थानिक निवडणुकीत, ३ नोव्हेंबरला, सर्बबहुल उत्तर मित्रोवित्सात तोंड झाकलेल्या लोकांनी मतदान केंद्रं फोडली आणि त्या संघटनेचे कर्मचारी बाहेर काढावे लागले, मग १७ नोव्हेंबरला मोठ्या बंदोबस्तात तिथे पुन्हा मतदान घेतलं. एप्रिल २०२२ च्या सर्बियाच्या निवडणुकीआधी गोळा करण्याच्या पद्धतीवर एकमत झालं नाही, आणि कोसोवोतले सर्ब मतदार बसमध्ये बसून सीमा ओलांडून मत द्यायला गेले.