ॲप्लाइड आर्टला जायचंय? मुंबईतल्या मुलांसाठी पात्रता, परीक्षा आणि कागदपत्रं

भांडुपला मी चित्रकलेचा वर्ग घेते. दहावी-बारावीच्या मुलांचे आईवडील भेटायला येतात तेव्हा बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "हिला ग्राफिक डिझाइन करायचंय, कुठला क्लास लावू?" क्लास म्हणजे त्यांच्या मनात फोटोशॉप आणि कोरलड्रॉचा तीन महिन्यांचा कोर्स असतो. मी उलट विचारते, "डोमिसाइल काढलंय का? जातीचा दाखला? त्याची व्हॅलिडिटी?" तेव्हा ते गोंधळतात. पण हात चांगला असलेली मुलं कागदांपायी मागे पडताना मी पाहिली आहेत. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

आधी रस्ते कुठले ते बघू. ज्याला आपण बोलताना "ॲप्लाइड" म्हणतो आणि आपले वडीलधारे अजून "कमर्शिअल" म्हणतात, तो चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम, म्हणजे बीएफए ॲप्लाइड आर्ट. जाहिरात, अक्षररचना, पॅकेजिंग, इलस्ट्रेशन, छायाचित्रण, डिजिटल माध्यमं हे सगळं त्यात येतं. मुंबईत त्याचं सगळ्यात जुनं घर म्हणजे सीएसएमटीसमोरचं सर जे.जे. स्कूल ऑफ आर्ट, बोलताना नुसतं जे.जे. ही मूळ कलाशाळा 1857 सालची. तिथे 1935 मध्ये कमर्शिअल आर्टचा विभाग सुरू झाला आणि पुढे त्याचीच उपयोजित कला संस्था झाली. मराठी-हिंदी टाइप करताना आपण वर्षानुवर्षं जो 'मंगल' फॉन्ट वापरला, तो करणारे र. कृ. जोशी याच परंपरेतले. प्रभादेवीच्या रचना संसदमध्येही ॲप्लाइड आर्टचं कॉलेज आहे. रहेजा स्कूल ऑफ आर्टचं नावही मुलांच्या यादीत असतंच.

दहावीनंतर लगेच कलेकडे वळायचं असेल तर कला संचालनालयाचा एक वर्षाचा फाउंडेशन अभ्यासक्रम आहे. शाळेत आपण ज्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षा देतो, त्याही हेच संचालनालय घेतं. या परीक्षा शाळेत असतानाच देऊन टाका आणि त्यांची प्रमाणपत्रं नीट जपून ठेवा. घरची परिस्थिती लवकर कमवायला लागण्याची असेल तर आयटीआयमधला डीटीपी ऑपरेटरचा, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचा, एक वर्षाचा ट्रेड आहे. त्यातून थेट छापखान्यात किंवा फ्लेक्सच्या दुकानात काम मिळतं, आणि हे काम कमी प्रतीचं आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण पदवी हवी असेल तर बारावी करावीच लागते. तेव्हा पुढचं सगळं बारावीच्या मुलांसाठी.

कोण पात्र

राज्यातल्या बीएफए प्रवेशासाठी सीईटी सेल, म्हणजे राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, दरवर्षी एमएएच-एएसी सीईटी ही परीक्षा घेतं. बारावी उत्तीर्ण किंवा बारावीला बसलेली मुलं तिला बसू शकतात. शाखा कुठलीही चालते. आर्ट्सचीच हवी हा गैरसमज आहे. इंग्रजी विषय असावा लागतो आणि खुल्या प्रवर्गाला बारावीत किमान 45 टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना 40 टक्के लागतात. ही अट ऐकून मुलं सुस्कारा सोडतात आणि बारावीचा अभ्यास बाजूला ठेवतात. तसं करू नका. सीईटीत वरचा नंबर येऊनही बारावी अडकली तर हाती काही राहत नाही.

जे.जे.बद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. 2023 मध्ये जे.जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्यामुळे तिथे प्रवेश घ्यायचा असेल तर सीईटी सेलची माहितीपुस्तिका वाचाच, पण जे.जे.च्या स्वतःच्या संकेतस्थळावरची त्या वर्षीची प्रवेश सूचनाही वाचा. मोठ्या भावाच्या वेळी अर्ज कसा भरला होता, यावर विसंबू नका.

परीक्षा

ऑब्जेक्ट ड्रॉइंग, डिझाइन प्रॅक्टिकल, मेमरी ड्रॉइंग आणि सामान्य ज्ञान असे चार भाग. पहिले तीन हाताने काढायचे. कॉम्प्युटरचा त्यात संबंध नाही, आणि सॉफ्टवेअरच्या क्लासला मी आधी नाही म्हणते ते यामुळेच.

ऑब्जेक्टमध्ये समोर मांडलेल्या वस्तू काढायच्या असतात. त्यासाठी घरातली पितळी कळशी, कांदे, एक पुस्तक, मागे घडी पाडलेला टॉवेल, एवढं पुरतं. मुलं वस्तू फार सुबक काढतात, पण टेबलाची कड आणि सावली विसरतात. मग कळशी हवेत तरंगते. कागदावर वस्तूंची जागा आधी ठरवायची, मग प्रमाण, मग छायाप्रकाश. हा क्रम हातात बसायला रोज एक तास याप्रमाणे सहा महिने लागतात. त्याला दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मेमरी ड्रॉइंग म्हणजे दिलेला प्रसंग आठवणीतून काढणं. मुंबईच्या मुलांना याची खाण घराबाहेरच आहे. दादरचं फूलमार्केट, नाक्यावरचा वडापाववाला, विसर्जनाची मिरवणूक, लोकलच्या दारातली गर्दी. पण आठवण म्हणजे निरीक्षण. वडापाववाल्याचा हात कढईवर कसा वळतो, पिशवी धरलेल्या बाईचा खांदा कसा कलतो, हे पाहिलेलं नसेल तर कागदावर काठीसारखी माणसं उभी राहतात. म्हणून माझी मुलं खिशात छोटी वही ठेवतात आणि प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत रेखाटनं करतात. दोन मिनिटांत एक माणूस.

डिझाइन प्रॅक्टिकलमध्ये आकार आणि रंग यांची रचना. ग्राफिक डिझाइनची बाराखडी खऱ्या अर्थाने इथे आहे: तोल, विरोध, लय, रिकामी जागा. रिकाम्या जागेची मुलांना भीती वाटते, त्यामुळे ती कागद भरून टाकतात. रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या याचं उत्तम पाठ्यपुस्तक आहे. कुठली पाटी बसच्या खिडकीतून वाचता येते आणि कुठली नाही, हे घरी येऊन लिहून काढा. अक्षर जाड आहे म्हणून ते वाचता येतं, की भोवती जागा सोडली आहे म्हणून? पोस्टर कलरचा सपाट, डाग न पडणारा हात देणं ही मात्र निव्वळ सवयीची गोष्ट.

सामान्य ज्ञानासाठी कलाविषयक माहिती आणि चालू घडामोडी वाचाव्यात. काळा घोड्याचं जहांगीर कलादालन 1952 पासून तिथे आहे. महिन्यातून एकदा तिथे जाऊन या.

कागदपत्रं

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे.

सगळ्यांना लागतात ती दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा किंवा कॉलेज सोडल्याचा दाखला, आधार आणि अलीकडचा फोटो. महाराष्ट्राचा उमेदवार म्हणून जागा मिळवायची तर वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, म्हणजेच डोमिसाइल. ते आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेवा केंद्रातून काढता येतं. अर्ज आपल्या भागाच्या कार्यालयाकडे जातो. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, कुर्ला आणि बोरिवली असे तीन तालुके आहेत. शहर जिल्हा वेगळा, त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय फोर्टला जुन्या कस्टम हाउसमध्ये. राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि चाळीत किंवा भाड्याने राहणाऱ्यांची अडचण तिथेच होते, कारण लाइटबिल आजोबांच्या किंवा मालकाच्या नावावर असतं. अशा वेळी रेशनकार्ड, शाळेच्या सलग वर्षांच्या नोंदी आणि वडिलांचे जुने कागद एकत्र करून ठेवा.

जातीचा दाखला काढताना मुंबईकरांची गाडी हमखास एका जागी अडते. दाखल्यासाठी ठरावीक तारखेआधीचं कुटुंबाचं वास्तव्य दाखवावं लागतं. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, अनुसूचित जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागास वर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967. त्या तारखेला तुमचे आजोबा किंवा पणजोबा संगमेश्वरला नाहीतर साताऱ्याला असतील, तर दाखला त्या मूळ जिल्ह्यातून निघतो, मुंबईतून नाही. म्हणजे गावी जाऊन आजोबांचा शाळेचा दाखला किंवा महसुली नोंद शोधायची. हे काम गणपतीला गावी गेल्यावर उरकून घ्या, कारण जूनमध्ये पोरगी प्रवेशाच्या रांगेत असताना वडिलांना रजा मिळत नाही.

दाखल्यानंतर जात वैधता प्रमाणपत्र. अनुसूचित जमाती सोडून इतरांनी त्याचा अर्ज बार्टी या शासकीय संस्थेच्या पोर्टलवर भरून समितीकडे द्यायचा. त्याला महिने लागू शकतात, म्हणून अकरावीतच कॉलेजचं पत्र घेऊन सुरुवात करा. काही वर्षी शासनाने नुसत्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवली होती. दरवर्षी तसं होईलच असं धरून बसू नका.

अनुसूचित जाती-जमाती सोडून बाकीच्या राखीव प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही याचं प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याची मुदत 31 मार्चला संपते. हे वाक्य परत वाचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा हात इतका स्वच्छ होता की तिच्या प्रवेशाची मला काळजीच नव्हती. तिचं नॉन-क्रिमीलेअर त्याच मार्चमध्ये संपलं होतं आणि घरात कोणाच्या लक्षात आलं नाही. नवीन हाती येईपर्यंत मुदत गेली, तिचा अर्ज खुल्या प्रवर्गात धरला गेला आणि हवं ते कॉलेज निसटलं. कागदावरची तारीख मी स्वतः बघितली नाही, याची बोचणी मला अजून आहे. तेव्हापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी प्रत्येकाचा कागद हातात घेऊन बघते. आर्थिक दुर्बल घटकातून, म्हणजे ईडब्ल्यूएसमधून अर्ज करणाऱ्यांनीही आपलं प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे ना, हे तपासावं.

नावाचंही बघा. गुणपत्रकात आडनाव आधी, आधारवर शेवटी, आईचं नाव एकीकडे संपूर्ण तर दुसरीकडे नुसतं पाळण्यातलं, असं असेल तर आधारची दुरुस्ती लवकर करून घ्या. खरोखर नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद लागते. एखादं वर्ष मध्ये गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. दिव्यांग विद्यार्थ्यांनी यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवावं.

अर्ज आणि कॅप

मुलं इथे एक चूक हमखास करतात. सीईटीचा अर्ज भरला की प्रवेशाचा अर्ज झाला असं त्यांना वाटतं. हे दोन वेगळे अर्ज आहेत. पहिला परीक्षेसाठी: नोंदणी, फोटो-सही अपलोड, परीक्षा केंद्राची निवड, शुल्क, मग हॉलतिकीट. परीक्षेला काय साहित्य न्यायचं हे हॉलतिकिटावरच्या सूचनांतून बघा. निकालानंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची, म्हणजे कॅपची, नोंदणी परत नव्याने करायची. तिथे कागद स्कॅन करून चढवायचे, त्यांची पडताळणी होते आणि तात्पुरती गुणवत्ता यादी लागते. यादीत प्रवर्ग किंवा गुण चुकले असतील तर हरकत घ्यायला मोजके दिवस मिळतात, तेवढ्यातच ती घ्यायला हवी. अंतिम यादीनंतर कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा, मग जागावाटपाच्या फेऱ्या, जागा स्वीकारणं आणि मूळ कागद घेऊन कॉलेजात हजर राहणं.

पसंतीक्रम भरताना, मिळेल असं वाटतं ते कॉलेज वर टाकू नका. हवं ते वर टाका. आणि वसईहून रोज फोर्टला येणं चार वर्षं जमेल का, हे बापाने ठरवू नये. पोर्टफोलिओची मोठी फाइल घेऊन सकाळच्या गर्दीत जे चढणार आहे, त्याला विचारा.

ज्यांचं गणित आणि तर्क बरा आहे, त्यांनी यूसीड जरूर द्यावी. आयआयटी मुंबई ही परीक्षा घेतं आणि पवईच्या आयडीसी या तिथल्याच डिझाइन स्कूलमधल्या बीडिझाइनला त्यातूनच प्रवेश होतो. बारावीची कुठलीही शाखा चालते. तीन तासांच्या परीक्षेत एक भाग संगणकावर आणि एक कागदावर चित्र काढण्याचा असतो. लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच बसता येतं आणि वयाची अटही आहे. अर्ज ऑक्टोबरच्या सुमारास निघतात आणि परीक्षा जानेवारीत, म्हणजे सीईटीच्या बरीच आधी. रुपयाचं चिन्ह करणारे डी. उदय कुमार आयडीसीतलेच. हे मुलांना सांगितलं की ती खिशातलं नाणं काढून नव्याने निरखतात.

फी भरायच्या आधी महाडीबीटी, म्हणजे शासनाचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, उघडून बघा. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी आहे, राखीव प्रवर्गांच्या योजना वेगळ्या. 2024 पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत 8 लाखांच्या आतल्या घरच्या मुलींना शुल्कमाफीही मिळते. आपला अभ्यासक्रम आणि कॉलेज योजनेच्या यादीत आहे ना, हे कॉलेजच्या कार्यालयात विचारून घ्या आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढा. कॅपमधून न जाता थेट प्रवेश घेतला तर बहुतेक योजनांचा दरवाजा बंद होतो.

आणि सॉफ्टवेअर? परीक्षा झाल्यावर निकालापर्यंत जे रिकामे आठवडे मिळतात, ते त्यासाठी ठेवा. इंकस्केप आणि क्रिटा फुकट आहेत. 'मुक्त' आणि 'बालू' हे मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले देवनागरी फॉन्टही मोफत उतरवून घेता येतात. आपल्या मंडळाची यंदाची वर्गणी पावती त्यात करून बघा: मंडळाचं नाव, रक्कम, सही आणि तारीख, एवढंच, एकाच रंगात.