इंजिन फुटतं, खुर्ची हलते

१२ जून २०२२. फॉर्म्युला वनच्या शर्यतीत बाकूच्या रस्त्यांवर शार्ल लेक्लेर पहिल्या क्रमांकावर होता आणि विसाव्या फेरीत त्याच्या फेरारीच्या मागून धूर निघाला. तीन आठवड्यांपूर्वी बार्सिलोनातही तो असाच पुढे असताना टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारं यंत्र, गेला होता. मोसमाच्या पहिल्या तीन शर्यती झाल्या तेव्हा मॅक्स व्हर्स्टापेनपेक्षा ४६ गुणांनी पुढे असलेला हा चालक मोसमाअखेर त्याच्या १४६ गुण मागे राहिला. नोव्हेंबर संपता संपता फेरारीचे संघप्रमुख मात्तिया बिनोटो यांनी राजीनामा दिला. डावपेचांच्या चुकाही त्या वर्षी पुष्कळ झाल्या, त्यामुळे सगळा दोष इंजिनाच्या माथी मारणं बरोबर नाही. पण इंजिन टिकलं असतं तर त्या चुका इतक्या बोचल्या नसत्या.

इंजिन फुटल्याचा जाब संघप्रमुखाला विचारायचा, ही रीत फॉर्म्युला वनमध्ये तशी अलीकडची. पन्नास-साठ वर्षांपूर्वी इंजिन फुटणं हा खेळाचाच भाग मानला जाई. पाऊस पडावा तसं ते फुटायचं. मग या पावसाची जबाबदारी माणसावर कधी आली?

सुरुवात बीआरएम या ब्रिटिश संघापासून करावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने एक राष्ट्रीय म्हणावी अशी रेसिंग गाडी बांधायला घेतली. अनेक कारखानदारांनी पैसे दिले, सुटे भाग दिले. इंजिन होतं दीड लिटरचं, पण सोळा सिलिंडरांचं आणि सुपरचार्जर लावलेलं. ऑगस्ट १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनला रेमों सोमेर ही गाडी घेऊन उभा राहिला, झेंडा पडला, गाडी जेमतेम हलली आणि ट्रान्समिशन तुटून जागच्या जागी थांबली. लोकांनी टर उडवली, गाडीवर नाणी फेकली. यंत्र अति गुंतागुंतीचं होतं हे खरंच, पण त्याहून मोठी अडचण अशी की इतक्या देणगीदारांच्या कारभारात ‘अजून तयार नाही, थांबा’ असं ठामपणे सांगणारा एक माणूस नव्हता. पुढे उद्योगपती आल्फ्रेड ओवेन यांनी संघ विकत घेतला. तरीही दहा वर्षं हाती फारसं काही लागलं नाही. शेवटी १९६२ च्या मोसमाआधी ओवेननी निर्वाणीचा इशारा दिला : जिंका, नाहीतर संघ बंद. तांत्रिक सूत्रं टोनी रड यांच्याकडे आली आणि त्याच वर्षी बीआरएमचा ग्रॅहम हिल विश्वविजेता झाला.

त्या विजेतेपदाचा निकाल लागला दक्षिण आफ्रिकेत ईस्ट लंडनला, आणि तोही इंजिनावरच. हिलचा प्रतिस्पर्धी, लोटसचा जिम क्लार्क आरामात पुढे होता. त्याच्या क्लायमॅक्स इंजिनातला एक छोटा बोल्ट निसटला, तेल गळालं, गाडी पिटमध्ये आली ती तिथेच राहिली. दोन वर्षांनी मेक्सिकोत त्याच क्लार्कचं विजेतेपद पुन्हा तेलगळतीने अगदी शेवटच्या टप्प्यात हुकलं. या दोन्ही वेळी लोटसचे मालक कॉलिन चॅपमन यांना कुणी राजीनामा मागितला नाही. मागणार तरी कोण, संघ त्यांचाच होता. शिवाय गाडी जितकी हलकी तितकी वेगवान आणि तितकीच नाजूक, हा सौदा त्यांनी उघडपणे पत्करला होता.

चॅपमन यांचं दुसरं मोठं काम म्हणजे फोर्डला खिसा मोकळा करायला लावणं. एक लाख पौंडांत कीथ डकवर्थ यांच्या कॉसवर्थने डीएफव्ही हे तीन लिटरचं व्ही-८ इंजिन बनवलं. १९६७ मध्ये झँडव्होर्टला पहिल्याच शर्यतीत क्लार्क त्यावर जिंकला. पोल पोझिशनवरून, म्हणजे रांगेतल्या पहिल्या जागेवरून निघालेल्या हिलचं तेच इंजिन त्याच शर्यतीत सुरुवातीच्याच फेऱ्यांत बंद पडलं, हे मात्र सहसा कुणाला आठवत नाही. पुढच्या वर्षापासून ते इतर संघांनाही मिळू लागलं आणि १९८३ पर्यंत त्याने १५५ शर्यती जिंकल्या. एवढ्या शर्यतींत एवढ्या संघांनी वापरल्यामुळे त्याच्या खोडी सगळ्यांना पाठ झाल्या. इंजिनावर भरवसा ठेवता येतो आणि मग संघप्रमुखाला बाकीच्या गोष्टींकडे लक्ष देता येतं, हे या खेळाला पहिल्यांदा डीएफव्हीने दाखवलं.

टर्बो आल्यावर तो भरवसा पुन्हा गेला. १९७७ मध्ये रेनोची पिवळी गाडी सिल्व्हरस्टोनला उतरली. ती वारंवार वाफ सोडत थांबायची, म्हणून तिला ‘पिवळी किटली’ हे नाव पडलं. दोन वर्षांत, १९७९ साली दिजाँला ती जिंकली तेव्हा चेष्टा थांबली. पण रेनोची खरी परीक्षा १९८३ साली क्यालामीला झाली. अलँ प्रॉस्ट गुणतक्त्यात पुढे होता, शर्यतीत टर्बो गेला आणि नेल्सन पिकेने दोन गुणांनी विजेतेपद नेलं. काही दिवसांतच प्रॉस्ट आणि रेनो वेगळे झाले. एका मोठ्या सरकारी कंपनीत इंजिनाचा दोष पचवायला कुणीतरी लागतं आणि त्या वेळी तो चालक निघाला. तो मॅक्लारेनमध्ये गेला आणि पुढच्या सहा वर्षांत तीनदा विश्वविजेता झाला. रेनोला संघ म्हणून पहिलं विजेतेपद मिळायला २००५ साल उजाडलं.

त्या काळी पात्रता फेरीसाठी वेगळं इंजिन असे. हजाराच्या वर अश्वशक्ती, आयुष्य मोजक्या फेऱ्यांचं. शनिवारी ते जाळायचं, रात्री मेकॅनिकांनी दुसरं बसवायचं आणि रविवारी शर्यत. अशा दिवसांत टिकाऊपणा हा पैशाचा आणि हातांचा प्रश्न होता, नियोजनाचा फारसा नव्हता.

फेरारीची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण इंजिन आणि नेतृत्व यांची गाठ तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. १ जुलै १९९३ रोजी ज्याँ टॉट संघप्रमुख झाले तेव्हा इंजिन इटलीत मारानेल्लोला बनत होतं आणि गाडीचा सांगाडा इंग्लंडमध्ये, जॉन बार्नार्ड यांच्या कचेरीत. दोन देश, दोन टेबलं. बिघाड झाला की प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. १९९६ च्या उन्हाळ्यात मन्यी-कूर इथे पोलवर असलेल्या मायकेल शूमाकरचं इंजिन शर्यत सुरू होण्याआधीच, फॉर्मेशन लॅपमध्ये फुटलं. त्याच्या आधीची आणि नंतरची शर्यतही त्याला अर्ध्यावर सोडावी लागली होती. टॉट यांना काढा अशी ओरड सुरू झाली. शूमाकर त्यांच्या पाठीशी उघडपणे उभा राहिला, आणि अध्यक्ष लुका दि मॉन्तेझेमोलो यांनीही डोकं शांत ठेवलं. फेरारीच्या इतिहासात ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ.

मग तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन आणि गाडी आखणारे रॉरी बर्न बेनेटन संघातून आले, डिझाइनचं काम मारानेल्लोत एकवटलं, इंजिनाची धुरा पाओलो मार्टिनेल्ली यांच्याकडे राहिली. सांगाडा आणि इंजिन आखणारी माणसं एकाच आवारात आली. टॉट स्वतः इंजिनियर नव्हते. ते रॅलीत सहचालक होते, शेजारी बसून पुढचं वळण मोठ्याने वाचून दाखवणारे. मला वाटतं, त्यांच्या यशाचं अर्धं मर्म त्यातच आहे. कुठला भाग किती ग्रॅमचा असावा यात ते पडले नाहीत. बाहेरचा मारा त्यांनी स्वतःवर घेतला आणि आतल्या माणसांना बिघाड न लपवता मांडता येईल एवढी सुरक्षितता दिली. २००० सालच्या फ्रेंच ग्रां प्रीत इंजिन गेलं, त्यानंतर शूमाकरचं इंजिन शर्यतीत फुटलं ते थेट ऑक्टोबर २००६ मध्ये, सुझुकाला. मधल्या सहा वर्षांत पाच विश्वविजेतेपदं झाली. सुझुकाला तो आणि फर्नांडो अलोन्सो समान गुणांवर होते, शूमाकर पुढे होता, आणि त्या धुरात आठवं विजेतेपद जवळपास गेलं. तो गॅरेजमध्ये परतला आणि मेकॅनिकांच्या गळ्यात पडला.

दरम्यान नियम बदलत होते, आणि पावसाची जबाबदारी माणसावर आली ती याच बदलांनी. २००४ पासून एका शर्यतीच्या संपूर्ण शनिवार-रविवारला एकच इंजिन. २००५ पासून दोन शर्यतींना एक. बदललंत तर सुरुवातीच्या रांगेत दहा जागा मागे. त्या काळातली व्ही-१० इंजिनं मिनिटाला १९ हजार फेऱ्यांच्या आसपास फिरत. म्हणजे प्रत्येक पिस्टन सेकंदाला सहाशेपेक्षा जास्त वेळा थांबून उलट दिशेला धावायचा. अशा यंत्राचं आयुष्य एका वर्षात दुप्पट करा, असं नियमाने सांगितलं. किमी रायकोनेनची मॅक्लारेन त्या वर्षी बहुधा सगळ्यांत वेगवान होती. त्याने अलोन्सोइतक्याच सात शर्यती जिंकल्या, पण फुटलेल्या इंजिनांनी त्याला पुन्हा पुन्हा रांगेत मागे ढकललं आणि विजेतेपद २१ गुणांनी रेनोच्या अलोन्सोकडे गेलं. २००९ मध्ये मोसमाला आठ इंजिनं आणि मिनिटाला १८ हजार फेऱ्यांची मर्यादा आली. २०१४ च्या हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेची जोड असलेल्या युनिटला पाच, पुढच्या वर्षी चार, २०१८ पासून तीन. तेव्हा शर्यती होत्या २१, म्हणजे एका इंजिनाने सात ठिकाणं गाठायची.

आता फुटलेलं इंजिन म्हणजे फक्त एक हुकलेली शर्यत राहिली नाही, पुढच्या शर्यतींतून घेतलेली उचल झाली. ताकद किती काढायची आणि जोखीम किती घ्यायची हा निर्णय हिवाळ्यातच, कागदावर घ्यावा लागतो, आणि त्यावर सही लागते ती वरच्याची.

२०१४ मध्ये मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या. ब्रिक्सवर्थमध्ये अँडी कॉवेल यांच्या हाताखाली इंजिन आणि जवळच्याच ब्रॅकलीत सांगाडा, असे दोन कारखाने असूनही आखणी एकत्र झाली होती. टर्बोची दोन चाकं इंजिनाच्या दोन टोकांना नेण्याची त्यांची युक्ती इंजिनाला आणि गाडीच्या आकाराला, दोघांनाही सोयीची होती. त्याच हिवाळ्यात रेनोचं इंजिन घेतलेल्या रेड बुलने हेरेसच्या पहिल्या चाचणीत चार दिवसांत २१ फेऱ्या मारल्या. दोघांची भांडणं मग चव्हाट्यावर झाली. विकतच्या इंजिनाचा हा एक फायदा म्हणावा, रागवायला बाहेरचा माणूस मिळतो.

मर्सिडीजलाही चटका बसलाच. २०१६ ला सेपांगमध्ये आघाडीवर असलेल्या लुईस हॅमिल्टनच्या गाडीतून ४१ व्या फेरीत ज्वाळा निघाल्या आणि मोसमाअखेर तो निको रोझबर्गकडून पाच गुणांनी हरला. आपल्याच इंजिनाबद्दल हॅमिल्टन त्या दिवशी संशयाने बोलला. एकाच घरातल्या दोन चालकांपैकी एकाचंच यंत्र वारंवार बिघडत असेल तर कितीही आकडेवारी दाखवा, शंका जात नाही. संघप्रमुख टोटो वोल्फ यांना त्या वर्षी इंजिनापेक्षा तीच जास्त सांभाळावी लागली असेल.

मॅक्लारेन आणि होंडा यांनी मात्र दोघांनी मिळून कसं चुकायचं ते दाखवलं. १९८८ मध्ये याच जोडीने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या होत्या. २०१५ ला ते पुन्हा एकत्र आले ते त्या आठवणीच्या जोरावर. गाडीचा मागचा भाग शक्य तितका आवळायचा असा मॅक्लारेनचा आग्रह होता आणि होंडाने त्या जागेत मावेल असं इंजिन बनवायचं कबूल केलं. ते तापायचं, थरथरायचं, बंद पडायचं. बेल्जियमला दोन्ही गाड्यांना मिळून १०५ जागांची शिक्षा झाली, रांगेत असतात फक्त २० गाड्या. सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, अलोन्सोने रेडिओवर या इंजिनाला खालच्या श्रेणीचं म्हटलं आणि ते साऱ्या जगाने ऐकलं. मोसमाअखेर दहा संघांत नववा क्रमांक. नोव्हेंबर २०१६ मध्ये मॅक्लारेनचे प्रमुख रॉन डेनिस यांची गच्छंती झाली, २०१७ अखेर होंडाशी फारकत. २०१८ ला रेनोचं इंजिन लावल्यावर कळलं की गाडीसुद्धा काही फार चांगली नव्हती. जुलैत रेसिंग संचालक एरिक बूलिए यांनी राजीनामा दिला.

होंडा तिकडे टोरो रोस्सोकडे गेली. लहान संघ, अपेक्षा माफक, आणि इंजिनियरांना हवी तेवढी जागा देण्याची तयारी. टर्बोच्या दांड्याचा त्रास सोडवायला कंपनीने आपल्याच जेट विमानाच्या इंजिनवाल्यांना बोलावलं. २०१९ पासून रेड बुलनेही होंडाचं इंजिन घेतलं आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियात व्हर्स्टापेनने होंडाला २००६ नंतरचा पहिला विजय दिला, २०२१ ला विश्वविजेतेपद. कंपनी तीच होती, बदललं ते पलीकडच्या टेबलावरचं माणूस.

आणि मग फेरारी, २०२२. त्या वर्षीपासून इंजिनाची ताकद वाढवायला २०२५ अखेरपर्यंत बंदी येणार होती, टिकाऊपणासाठीच्या दुरुस्त्यांना मात्र परवानगी होती. अशा नियमात आधी ताकद मिळवा, दुरुस्ती मागाहून करा, हा विचार चुकीचा नव्हता. मी त्या जागी असतो तर बहुधा हेच केलं असतं. पण उधारी फेडायची वेळ बार्सिलोना, बाकू आणि ऑस्ट्रियात आली. ऑस्ट्रियात कार्लोस साइंझची गाडी पेटली. रेड बुललाही मोसमाच्या आरंभी इंधनपुरवठ्याच्या बिघाडांनी छळलं होतं, तो त्यांनी वेळेत निस्तरला. बिनोटो १९९५ पासून फेरारीत होते, इंजिन विभागातच वाढलेले. सुझुकाचा तो धूर त्यांनी आतून पाहिलेला. संघप्रमुख झाल्यावर तांत्रिक बाजूही त्यांच्याच अखत्यारीत राहिली. टॉट यांच्याजवळ ब्रॉन होते, मार्टिनेल्ली होते, आणि बाहेरचा मारा झेलणारे ते स्वतः. बिनोटो यांना झेलणं आणि दुरुस्त करणं ही दोन्ही कामं एकट्यानेच करावी लागली.

जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या जागी फ्रेडरिक व्हासर आले. २०२६ पासूनच्या नव्या नियमांत टर्बोवरची विजेची मोटर काढून टाकली आहे आणि ताकदीचा जवळपास अर्धा वाटा विजेचा, म्हणजे प्रत्येक कारखान्याला बरंचसं काम नव्याने. त्यांतल्या ऑडीच्या प्रकल्पाची सूत्रं २०२४ मध्ये ज्यांच्याकडे दिली गेली, ते मात्तिया बिनोटोच.