वयस्क समुद्रपक्ष्यांची ताण-प्रतिक्रिया : संयम की थकवा?

समुद्रपक्ष्याचे खरे वय सांगणारा पुरावा एकच : तो पिल्लू असताना पायात घातलेली कडी. प्रौढपणी घातलेल्या कडीवरून फक्त किमान वय कळते. जुन्या ॲल्युमिनियमच्या कड्या खारे पाणी आणि खडक यांनी झिजून गळत. पक्षी जिवंत असायचा, नोंदवहीत मात्र मेलेला. टणक धातूच्या कड्या आल्यावर वयाची आकडेवारी भरवशाची झाली. भटका अल्बाट्रॉस हा मोठा, दीर्घायुषी समुद्रपक्षी साधारण 10व्या वर्षी पहिल्यांदा अंडे घालतो. एकच अंडे, सुमारे 11 आठवडे उबवणे, आणि पिल्लू वाढवता आले तर पुढच्या वर्षी खाडा.

संप्रेरके या हिशोबात आली ती रक्ताच्या काही थेंबांतून मोजता येऊ लागल्यावर. पक्ष्याने माणसाला पाहिल्यापासून 3 मिनिटांच्या आत पहिला नमुना घ्यावा लागतो. उशीर झाला, तर कॉर्टिकोस्टेरॉन या ताणाच्या संप्रेरकाचा जो आकडा येतो तो पकडण्यानेच वाढवलेला असतो. मग पक्ष्याला कापडी पिशवीत ठेवून 30 मिनिटांनी दुसरा नमुना. दोन्हींतला फरक म्हणजे त्या पक्ष्याची ताण-प्रतिक्रिया. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंडी-पिल्ले सांभाळण्याशी जोडलेले संप्रेरक, उलट वागते : पकडल्यावर ते घसरते, आणि ते फार घसरले की अंडे सोडून जाण्याची शक्यता वाढते.

खरा गुंता इथून पुढे आहे. सामान्य कुररी (कॉमन टर्न) आणि अंटार्क्टिकातला पांढरा स्नो पेट्रेल या दोन्ही समुद्रपक्ष्यांत वयस्क पक्ष्यांची ताण-प्रतिक्रिया तरुणांपेक्षा सौम्य दिसली. एक अर्थ असा लावला गेला की पुढे विणीची संधी कमी उरल्याने वयस्क पक्षी हातातल्या अंड्याला अधिक जपतो, धोका दिसला तरी घरटे सोडत नाही. याला ‘संयम’ म्हणण्याची सवय लागली, आणि ती घातक ठरली. कारण वय आणि वीण यांच्या मूळ सिद्धान्तात संयम तरुणांचा आहे : आज कमी खर्च करून पुढच्या हंगामांसाठी जीव राखणे. एकच शब्द दोन उलट गोष्टींना चिकटला. त्यात कुररींना कॉर्टिकोस्टेरॉन बनवणारी अधिवृक्क ग्रंथी उद्दीपित करणारे संप्रेरक टोचले, तेव्हा वयस्क पक्ष्यांत ग्रंथीची क्षमताच काही प्रमाणात घटलेली आढळली. म्हणजे सौम्यपणाचा काही भाग निवडीचा नसून शरीराच्या मर्यादेचा असू शकतो. अर्थात ही घटदेखील उत्क्रांतीने घडवलेली असू शकते. आपल्या मते या प्रश्नाला अजून पुरेसे वजन मिळालेले नाही.

दुसरी चूक त्याहून साधी, म्हणून सहज निसटते. एकाच हंगामात 8 आणि 28 वर्षांच्या पक्ष्यांची तुलना केली, तर 28 वर्षांचे म्हणजे मुळात टिकून राहिलेले पक्षी. भित्रे किंवा दुबळे आधीच गेले असतील, तर वयाने कोणी बदलले नसतानाही सरासरी बदललेली दिसते. यावर उपाय एकच : त्याच कडीचा पक्षी त्याच टप्प्यावर, समजा उबवण्याच्या काळात, वर्षानुवर्षे पुन्हा पकडणे. आणि प्रत्येक वेळी घड्याळ चालू करायचे ते हात घरट्यात गेल्यावर नाही, पक्ष्याने माणसाला पाहिल्यापासून.