‘आमच्या पोट्ट्याला सूरच नाही’ : खुलासा

नागपुरात डिसेंबरचं गॅदरिंग जवळ आलं की समूहगीताच्या तालमीत एखाद्या मुलाला सांगतात, “तू नुसते ओठ हलव.” घरीही तेच: “आमच्या पोट्ट्याला जन्मतःच सूर नाही.” महाल असो की धरमपेठ, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे.

सुरांतला फरक कानाला जन्मतःच न कळणं ही अवस्था खरी आहे, पण दुर्मीळ. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे वीस हजार लोकांच्या चाचणीत ती सुमारे दीड टक्का लोकांत आढळली. बेसूर गाणाऱ्या बहुतेकांचा कान ठीक असतो. अडतं ते गळ्यावर ताबा मिळवण्यात, आणि तो सरावाने येतो.

खरी गोम अनेकदा पट्टीत असते. लहान मुलांच्या सोयीचे स्वर जेमतेम पाच-सहा. गुरुजी स्वतःच्या पट्टीत गातात तेव्हा त्यांचा आवाज मुलाच्या गळ्यापेक्षा सप्तकभर खाली असतो. तो सूर वर उचलून आपल्या गळ्यात बसवणं सहा वर्षांच्या लेकराला सोपं नाही. बाईंच्या किंवा दुसऱ्या मुलाच्या आवाजामागून तीच मुलं जास्त अचूक गातात, हे अभ्यासांत दिसलंय. म्हणून पेटीची पट्टी मुलांकडे पाहून ठरवा, छोट्या ओळी द्या, एकेकट्याला हळू म्हणू द्या.

आणि गप्प बसवलेल्या मुलाचा सराव तिथेच थांबतो, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. पाढा चुकला म्हणून कुणी गणिताचा तास बंद करतं का?