मॅमोग्राफी स्वच्छ, पण स्तन दाट असेल तर?

मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेच्या, रिपोर्टखाली 'संशयास्पद काही नाही' एवढं वाचून बाई निर्धास्त घरी जाते. त्याच कागदावर पुष्कळदा ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर असतं. ते मात्र सहसा कुणी समजावून सांगत नाही. सी किंवा डी म्हणजे स्तन दाट: चरबी कमी, दुधाच्या ग्रंथी आणि तंतुमय ऊती जास्त. हात लावून हे कळत नाही. कडक लागणारा स्तन दाट असेलच असंही नाही.

एक्स-रेमध्ये चरबी काळसर दिसते, ग्रंथी पांढऱ्या. कर्करोगाची गाठही पांढरीच. कापसाच्या ढिगात पडलेली पांढरी गुंडी शोधावी तशी गत होते. शिवाय दाटपणामुळे कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. तरुण वयात स्तन जास्त दाट असतात आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी गाठतो, म्हणून हा प्रश्न आपल्याला अधिक लागू आहे.

सोनोग्राफीत चित्र उलटतं. ध्वनिलहरींना ग्रंथी उजळ दिसतात आणि गाठ बहुधा गडद. पाण्याची गाठ असेल तर ती काळी, गुळगुळीत कडांची, तिच्या मागचा भाग उजळलेला. कर्करोगाची गाठ अनेकदा वेड्यावाकड्या कडांची, आडवी कमी नि उभी जास्त, मागे सावली टाकणारी. किरणोत्सर्ग नाही, दाबून धरणंही नाही.

जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या सुमारे ७३,००० स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१६ साली आले. नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात ११७ कर्करोग सापडले, सोबत सोनोग्राफी केलेल्या गटात १८४. पण दुसऱ्या गटात विनाकारण घाबरवणारे रिपोर्टही वाढले. कर्करोगाची सुरुवातीची खूण असू शकणारे कॅल्शियमचे बारीक कण सोनोग्राफीतून निसटतात आणि तपासणाऱ्याचा हात कसा आहे यावरही बरंच अवलंबून असतं. म्हणून ती मॅमोग्राफीला जोड आहे, तिची जागा घेणारी नव्हे.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे. इथं सोनोग्राफी म्हटलं की आधी पोटातलं बाळ आठवतं, आणि दारावरची 'गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी. ती पाटी उगीच लागलेली नाही: २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. त्यामुळे प्रत्येक यंत्राची नोंदणी लागते. हातात घेऊन फिरवायचं यंत्र नोंदणी झालेल्या दवाखान्याबाहेर न्यायचं, तर इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या पथकाचा भाग म्हणूनच. माझ्या मते नियम योग्यच आहे, पण त्यामुळे गावोगावी स्तनांच्या सोनोग्राफीचं शिबिर लावणं सोपं राहत नाही.

तेव्हा चाळिशीतल्या बाईनं रिपोर्ट हातात आला की ते अक्षर कोणतं, हे डॉक्टरांना विचारावं. आणि हाताला गाठ लागत असेल, तर मॅमोग्राफी स्वच्छ असली तरी सोनोग्राफी करून घ्यावी. त्यातही शंका उरली, तर सुईनं तुकडा काढून तपासतात.