हजारो नळ्या, मोजके स्पीकर

१९३५ साली लॉरेन्स हॅमंड यांनी विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला आणि जाहिरातीत त्याची बरोबरी थेट चर्चमधल्या, नळ्यांत हवा सोडून वाजणाऱ्या पाइप ऑर्गनशी केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या दाव्यावर बोट ठेवलं. प्रकरण इतकं ताणलं गेलं की शिकागो विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये श्रोते बसवून त्यांना दोन्ही वाद्यं न दाखवता ऐकवली गेली. कुठलं कोणतं हे ओळखताना ते सुमारे एक तृतीयांश वेळा चुकले. ऐकायला हा हॅमंडचा विजय वाटतो. पण नाणं उडवून उत्तर दिलं तरी माणूस निम्म्याच वेळा चुकतो! १९३८ मध्ये कमिशनने असे दावे करायला मनाई केली.

आज नुसत्या नळीच्या आवाजाचा प्रश्न जवळपास सुटला आहे. खऱ्या ऑर्गनची एकेक नळी मायक्रोफोनपुढे वाजवायची, ते ध्वनिमुद्रण संगणकात भरायचं, कळ दाबली की तेच ऐकवायचं. स्वर लागण्याआधी नळीच्या ओठाशी होणारा फुसकाराही त्यात येतो. गाडं अडतं ते हा आवाज स्पीकरमधून हवेत सोडताना.

खर्जापासून सुरुवात करू. आठ फूट लांबीची उघडी नळी साधारण ६५ हर्ट्झचा स्वर देते. लांबी दुप्पट केली की स्वर एक सप्तक खाली जातो, म्हणून ३२ फुटी नळी १६ हर्ट्झवर बोलते. बोलते म्हणजे काय, बाकडं थरथरतं. नळीत कुठलाही पडदा नसतो, आतला हवेचा खांबच डोलतो. स्पीकरला मात्र तेवढी हवा कागदी कोनाने, म्हणजे शंकूच्या आकाराच्या पडद्याने, ढकलावी लागते आणि कंपनसंख्या निम्मी झाली की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते. जमिनीवर ठेवलेल्या १५ इंची स्पीकरचा हिशेब करून पाहिला. एक मीटरवर १०० डेसिबल हवे असतील, तर ६५ हर्ट्झला कोन दोन्ही बाजूंना जेमतेम १ मिलिमीटर हलतो. १६ हर्ट्झला तोच १७ मिलिमीटर हलायला हवा. आवाज कमी करून भागत नाही, कारण एवढ्या खाली आपला कान जवळजवळ बहिरा असतो. २० हर्ट्झचा स्वर नुसता जाणवायलाच ७८ डेसिबलच्या आसपास पातळी लागते.

गंमत म्हणजे इथे ऑर्गन बांधणारेही जुने लबाड. ३२ फुटी नळीला जागा नसेल तर ते १६ फुटी आणि १० फूट ८ इंची नळ्या एकत्र वाजवतात. ३२ आणि ४९ हर्ट्झ कानावर पडले की मेंदू त्याखालचा १६ हर्ट्झचा स्वर आपणहून कल्पून घेतो. छोट्या स्पीकरमधून खर्ज ‘ऐकू’ येतो तो याच युक्तीने.

पण माझ्या मते खरी अडचण खर्जाची नाहीच, तोंडांची आहे. दहा बोटं आणि वीस स्टॉप (स्टॉप म्हणजे एका जातीच्या नळ्यांची रांग चालू करणारी खुंटी) म्हणजे दोनशे नळ्या एकदम बोलतात. प्रत्येकीची जागा वेगळी, प्रत्येकीचा सूर केसभर इकडेतिकडे, आणि त्यांची बेरीज होते ती मोकळ्या हवेत. स्पीकरमध्ये हीच बेरीज एका कोनावर लादली जाते. खर्जासाठी कोन मोठे हेलकावे घेत असताना वरचे नाजूक स्वर त्याच कोनावर बसून हिंदकळतात आणि सगळं गढूळ होतं.

नळ्यांचं शेजारही नाजूक असतं. एकाच सुराच्या दोन नळ्या फार जवळ ठेवल्या तर त्या एकमेकींना जवळजवळ गप्प करू शकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी नोंदवलं होतं. ऑर्गनमध्ये बहुधा सी, डी, ई डावीकडे आणि सी शार्प, डी शार्प उजवीकडे अशी वाटणी असते. त्यामुळे वजनाचा तोल साधतो आणि लगतचे स्वर दूर राहतात. डिजिटल ऑर्गन बसवणारे हीच वाटणी उचलतात: लागोपाठचे स्वर वेगवेगळ्या स्पीकरना, खर्जाची सोय निराळी. स्पीकरची संख्या वाढली की जो फरक पडतो, तो एकच महागडा स्पीकर आणून पडत नाही.

भात्याचा दाबही विसरून चालत नाही. मोठा स्वरमेळ धरला की आधीपासून वाजणारा स्वर किंचित दबतो. चांगली सॉफ्टवेअर हेही गणिताने करतात.

उरला घुमारा. दगडी कॅथेड्रलमध्ये तो कित्येक सेकंद टिकतो. घरात वाजवायचं असेल तर मुद्रणात तो हवाच. पण तेच मुद्रण चर्चमध्ये वाजवलं तर घुमाऱ्यावर घुमारा चढतो. न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चचा ऑर्गन २००१ च्या हल्ल्यातल्या धुळीने निकामी झाला आणि २००३ मध्ये तिथे डिजिटल ऑर्गन आला. अशा ठिकाणी घुमारा द्यायला वास्तू असतेच, नळीचा आवाज कोरडा हवा.

घरच्या ऑर्गनमध्ये मात्र एक बारकी खोच आहे. कळ लांब दाबून सोडली तर तोवर सगळं चर्च आवाजाने भरलेलं असतं. टिचकी मारल्यासारखी दाबली तर ते भरतच नाही. लांब स्वराचं शेपूट तुटक स्वराला जोडलं की कान लगेच चोरी पकडतो. म्हणून मुद्रण करणारे एकेक कळ तीनदा दाबतात, एकदा तुटक, एकदा मध्यम, एकदा लांब. आणि दर वेळी शेवटचा निनाद विरेपर्यंत रिकाम्या चर्चमध्ये श्वास रोखून बसतात.