दुर्बिणीवरचा मोठा आकडा बघून फसू नका

"जेवढा झूम जास्त तेवढी दुर्बीण भारी" हे ऐकून ऐकून कान किटले राव. म्हणूनच टुरिस्ट स्पॉटवर ३०×६० छापलेली खिशातली दुर्बीण स्वस्तात दिसली की लोक लगेच घेतात. अहो, ६० म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये, ६ सेंटीमीटरची दोन भिंगं शर्टाच्या खिशात मावतील का? माझ्याकडच्या पीसला पट्टी लावली तर जेमतेम २२ भरलं! आणि खरंच ३० पट असती तर हाताच्या थरथरीने काही दिसलंच नसतं, १० च्या वर बहुतेकांना स्टँड लागतो.

सरळ ८×२५ घ्या. २५ भागिले ८, म्हणजे डोळ्यात येणारा प्रकाशाचा गोल ३ मिमीच्या जरा वर, दिवसा भरपूर झाला. अंधार पडायला लागला की महागडी ८×२५ पण फार चमत्कार करत नाही. जास्तीचे पैसे जातात ते कोटिंग, प्रिझम आणि फिटिंगला, म्हणजे भिगवणला फ्लेमिंगो बघताना कडेपर्यंत शार्प दिसतं आणि पाण्याच्या चकाकीत चित्र पांढुरकं पडत नाही. चष्मेवाल्यांनी आय रिलीफ (डोळा मागच्या भिंगापासून जेवढा लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १५ मिमीच्या आसपास आहे ना ते बघा.

आणि काही दुर्बिणींना पुढे असते ती लालभडक काच? ती लाल प्रकाश परत फेकते, म्हणून आतलं सगळं हिरवट दिसतं, बाकी काही नाही.